वाटसरूसाठी, सरकारतर्फे

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या माणसाला विचारा, तुमचं गाव कुठं? तो तोंडानं काही सांगण्याआधी उजवा तळहात डोळ्यांसमोर धरतो. राज्याचा मोठा भाग हातमोज्याच्या आकाराचा आहे आणि तीन बाजूंनी समुद्रासारखी सरोवरं आहेत. मग तो अंगठ्याच्या खाली मनगटाजवळ बोट टेकवून म्हणतो, हे डेट्रॉईट. करंगळीच्या शेंड्याशी बोट नेऊन म्हणतो, हे ट्रॅव्हर्स सिटी. राज्याचा दुसरा तुकडा उत्तरेला, पाण्यापलीकडे आहे. तो दाखवायला डावा हात आडवा धरावा लागतो. शाळकरी पोरापासून पेट्रोल पंपावरच्या म्हाताऱ्यापर्यंत सगळे हे करतात. आपलं राज्य असं हातात घेऊन फिरणारी माणसं मी दुसरीकडे पाहिली नाहीत.

माझा भाचा त्या डेट्रॉईटजवळ मोटारींच्या धंद्यात इंजिनीअर आहे. २०१९ साली त्याच्याकडे गेलो होतो. शिकागोच्या विमानतळावरून त्याच्या घरी जाताना इंडियाना राज्य संपतं, मिशिगन सुरू होतं आणि लगेच न्यू बफेलो नावाच्या गावाशी एक स्वागत केंद्र लागतं. भाचा म्हणाला, 'मामू, पाय मोकळे करू या.' पाय मोकळे करण्याची सोय तर होतीच, शिवाय आत एक लांबलचक काउंटर, मागे एक वयस्क बाई आणि रॅकवर घड्या घातलेले कागद. बाईंनी कुठून आलात विचारलं आणि एक कागद पुढं केला. राज्याच्या वाहतूक खात्यानं छापलेला, राज्यातल्या सगळ्या रस्त्यांचा नकाशा. माझा हात सवयीनं खिशाकडे गेला. बाई हसल्या. पैसे नाहीत म्हणाल्या, हवे तर दोन घ्या. मी दोन घेतले.

हे केंद्र साधंसुधं नाही, हे नंतर कळलं. राज्याच्या वेशीवर वाटसरूचं स्वागत करण्यासाठी सरकारनं बांधलेलं हे अमेरिकेतलं पहिलं ठिकाण. १९३५ साली जुन्या १२ नंबरच्या हमरस्त्यावर ते उघडलं. पुढं १९७२ मध्ये नव्या आय-९४ महामार्गावर हलवलं. त्याचं पाहून इतर राज्यांनी आपापल्या वेशीवर तशी केंद्रं उभारली.

बाहेर येऊन नकाशा उलगडला, तर तो मोटारीच्या बॉनेटवर मावेना. गावांची यादी, प्रत्येक गावापुढे आडव्या-उभ्या चौकटीचा क्रमांक, अंतरांचा तक्ता, थांबायच्या जागांच्या खुणा. सरकारी कागद म्हटल्यावर वरची मंडळीही आलीच. तिथल्या बहुतेक राज्यांच्या नकाशांवर गव्हर्नरसाहेबांचा हसरा फोटो आणि दोन ओळींचा संदेश असतो. आपल्याकडच्या चौकाचौकांतल्या फलकांच्या मानानं तो फारच लहान, असं म्हणायला हवं.

रस्ते दाखवणारा कागद फुकट वाटायची चाल तिथं सरकारनं नाही, तेलवाल्यांनी पाडली. १ डिसेंबर १९१३ रोजी पिट्सबर्ग शहरात गल्फ कंपनीनं एक पेट्रोल पंप उघडला. मोटार थेट आत न्यायची, तेल भरायचं, हवा-पाणी फुकट. त्या पंपाच्या जाहिरातीसाठी आसपासच्या रस्त्यांचे नकाशे छापून मोटारमालकांना फुकट पाठवले गेले. हिशोब सरळ होता. माणसाला रस्ता दिसला तर तो गाडी काढेल, आणि गाडी निघाली की तेल लागेल. पुढची साठ वर्षं तिथल्या प्रत्येक पंपावर फुकट नकाशा मिळायचा. किती छापले असतील, तर अब्जांच्या घरात. १९७३ साली अरब देशांनी तेल रोखलं, पंपांवर रांगा लागल्या. तेलच पुरेना, तेव्हा गाडी बाहेर काढा असं कोण कुणाला सांगणार? कंपन्यांनी आधी नकाशाला किंमत लावली आणि मग ते देणंच सोडून दिलं.

राज्यांच्या रस्ते खात्यांनी मात्र आपले नकाशे चालू ठेवले. त्यांचाही हिशोब होता. १९१९ मध्ये ऑरेगॉन राज्यानं पेट्रोलवर पहिला कर बसवला, इतरांनी तो लगोलग उचलला आणि त्या पैशांतून रस्ते झाले. म्हणजे वाटसरू जितका हिंडेल तितका कर जमा. मला यात काही वावगं वाटत नाही. हिशोब असलेली मेजवानीही मेजवानीच असते.

त्यांच्या रस्त्यांचे क्रमांकही समजून घेण्यासारखे आहेत. १९१८ मध्ये विस्कॉन्सिननं आपल्या राज्यातल्या रस्त्यांना क्रमांक दिले. त्याआधी रस्त्यांना नावं असत, आणि एकेका रस्त्याला तीन-तीन. १९२६ मध्ये देशभरच्या हमरस्त्यांचे क्रमांक ठरले. विषम आकडा म्हणजे दक्षिणोत्तर रस्ता, सम आकडा म्हणजे पूर्व-पश्चिम. नंतरच्या मोठ्या महामार्गांनाही हाच नियम लावला. एवढं एक ध्यानात ठेवलं की भाषा न येणारा माणूसही पाटीवरचा आकडा पाहून आपण कुठल्या दिशेला चाललोय ते सांगू शकतो. परक्या माणसाचा इतका विचार कुणीतरी बसून केला होता.

पण हा परका माणूस म्हणजे नेमका कोण? नकाशा हातात आला म्हणजे रस्ता आपला झाला का? श्रोतेहो, माझ्या मते या विषयातला खरा प्रश्न हा आहे.

१९३६ साली न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातल्या व्हिक्टर ह्यूगो ग्रीन नावाच्या एका काळ्या पोस्टमननं एक छोटी पुस्तिका काढली, 'द नीग्रो मोटरिस्ट ग्रीन बुक'. कुठल्या गावात कुठलं हॉटेल काळ्या माणसाला खोली देतं, कुठल्या खानावळीत त्याला बसू देतात, कुठला न्हावी त्याचे केस कापतो, याची ती यादी होती. कारण पंपावर मिळणाऱ्या देखण्या नकाशावर हे कुठंच नव्हतं. नकाशावर गाव ठळक अक्षरांत असायचं, आणि त्या गावात सूर्य मावळल्यानंतर काळ्या माणसानं थांबायचं नाही असा दंडक असायचा. एस्सो कंपनीच्या पंपांवर ही पुस्तिकाही मिळायची. म्हणजे एकाच पंपावर दोन कागद. एकात रस्ता कुठं जातो ते, दुसऱ्यात त्या रस्त्यानं गेल्यावर दार कोण उघडेल ते. त्याच मिशिगनमध्ये आयडलवाइल्ड नावाचं गाव १९१२ पासून काळ्या कुटुंबांचं सुटीचं ठिकाण म्हणून वाढलं. इतर ठिकाणी त्यांना तळ्याकाठी बसू देत नसत, म्हणून त्यांनी आपलं तळं शोधलं. १९६४ मध्ये नागरी हक्कांचा कायदा आला, सगळी दारं निदान कायद्यानं उघडली, आणि दोन-तीन वर्षांत ग्रीन बुकही बंद झालं.

मला हे वाचताना फार आश्चर्य वाटलं नाही. आपल्याकडेही लॉजच्या रजिस्टरात नाव लिहीपर्यंत खोली रिकामी असते आणि नाव लिहून झाल्यावर ती कुणीतरी आधीच घेतलेली निघते. एका कविसंमेलनाच्या रात्री मी हे अनुभवलं आहे. संयोजक बिचारे ओशाळले, मला आपल्या घरी घेऊन गेले आणि त्यांच्या आईच्या हातची पिठलं-भाकरी खायला मिळाली. तो भाग वेगळा.

दुसरी गोष्ट नॉर्थ कॅरोलिना राज्यातली. तिथल्या सरकारी रस्तानकाशावर 'मोटारचालकाची प्रार्थना' छापलेली असायची. सुखरूप प्रवासासाठी देवाला साकडं. त्यावर खटला झाला आणि १९८० साली तिथल्या संघीय अपील न्यायालयानं निकाल दिला की, जनतेच्या पैशानं छापलेल्या नकाशावर सरकारला प्रार्थना छापता येणार नाही. ती काढावी लागली.

मी प्रार्थनेच्या विरुद्ध बोलणारा माणूस नाही. प्रवासाला निघताना मी दुआ म्हणतो. आमच्या एसटीचा ड्रायव्हर सकाळी गाडीत बसला की स्टिअरिंगला हात लावून कपाळाला लावतो, समोरच्या तसबिरीला हार घालतो, आणि त्याच्या त्या श्रद्धेच्या भरवशावर मीही घाटात डुलकी काढतो. पण ती त्याची आहे. नकाशा ही निराळी चीज. तो हातात घेणारा कोण असेल हे छापणाऱ्याला ठाऊक नसतं, आणि ठाऊक नसावंच. देव मानणारा, न मानणारा, चुकून त्या रस्त्याला लागलेला, कुणीही असो, त्याला पुढचं गाव किती मैलांवर आहे एवढंच सांगायचं. त्या निकालाचा अर्थ मी असा लावतो.

नकाशावर लोकांचा केवढा विश्वास असतो, याचा एक गमतीदार दाखला मिशिगनचाच आहे. १९७८-७९ च्या सरकारी नकाशात शेजारच्या ओहायो राज्याच्या हद्दीत 'गोब्लू' आणि 'बीटोसू' अशी दोन गावं अवतरली. अशी गावं पृथ्वीतलावर नाहीत. झालं असं की, मिशिगन विद्यापीठ आणि ओहायो स्टेट विद्यापीठ यांचं फुटबॉलमधलं वैर पिढ्यान् पिढ्यांचं आहे. 'गो ब्लू' ही मिशिगनवाल्यांची आरोळी, आणि 'बीट ओएसयू' म्हणजे ओहायो स्टेटला हरवा. राज्याच्या महामार्ग आयोगाचे अध्यक्ष पीटर फ्लेचर मिशिगन विद्यापीठाचे माजी विद्यार्थी. त्यांनी शत्रूच्या मुलखात आपली दोन गावं वसवून टाकली! पुढच्या छपाईत ती काढली. आज त्या चुकीच्या नकाशाच्या मागे संग्राहक लागलेले असतात. थट्टा खपून गेली, कारण बाकीचा सगळा नकाशा खरा होता. ज्या कागदावर कुणाचा विश्वासच नाही, त्यावर थट्टाही करता येत नाही.

आता आपल्याकडे येऊ. आपल्या देशाची मोजणी करणारं खातं, सर्व्हे ऑफ इंडिया, १७६७ सालचं आहे. म्हणजे अमेरिका नावाचा देश जन्माला येण्याआधीचं. साखळ्या ओढत, डोंगरांवर यंत्रं चढवत ज्यांनी हा देश मोजला, त्यांच्या कामाला तोड नाही. पण तो नकाशा वाटसरूसाठी नव्हता. तो लष्करासाठी आणि साऱ्यासाठी होता. स्वातंत्र्यानंतरही सरहद्दी आणि किनारे यांच्यालगतचा सुमारे ऐंशी किलोमीटरचा पट्टा संरक्षणाच्या कारणानं राखीव होता. त्या पट्ट्याचे तपशीलवार नकाशे सामान्य माणसाला मिळत नसत. कोकण रुंदीला असं कितीसं? समुद्रापासून सह्याद्रीच्या माथ्यापर्यंत सगळं त्या पट्ट्यात बसलं. मी जिथं जन्मलो त्या रत्नागिरी जिल्ह्यातला पऱ्या कुठून कुठं वाहतो, हे कागदावर पाहणं मला अवघड होतं. डोंगर चढणारी पोरं जुन्या टोपोशीटच्या झेरॉक्स प्रती एखाद्या दुर्मीळ ग्रंथासारख्या जपत.

अगदीच काही मिळत नव्हतं असं नाही. पुस्तकाच्या दुकानात खासगी प्रकाशकांचे रस्तानकाशे असत, पैसे देऊन. पर्यटन कार्यालयांत विचारलं तर घडीचा कागद मिळे, त्यावर लेण्यांची आणि किल्ल्यांची चित्रं मोठी आणि रस्ते बारीक. बांधकाम खात्याच्या कार्यालयात भिंतीवर जिल्ह्याचा उत्तम नकाशा असे, पण तो साहेबांच्या खुर्चीच्या मागे. साहेबांना पाठ, आणि बाहेर बाकावर बसलेल्याला दिसत नाही.

२००५ साली राष्ट्रीय नकाशा धोरण आलं. लष्करासाठी वेगळी मालिका आणि जनतेसाठी वेगळी, अशी विभागणी झाली. २०१७ मध्ये, खात्याला अडीचशे वर्षं झाली तेव्हा, जनतेच्या मालिकेतले नकाशे आधार क्रमांक देऊन संगणकावर फुकट उतरवून घ्यायची सोय झाली. फेब्रुवारी २०२१ मध्ये नकाशे तयार करण्यावरचे आणि वापरण्यावरचे बहुतेक निर्बंध उठवले. चांगलंच झालं. फक्त उशीर एवढा झाला होता की तोवर नकाशा प्रत्येकाच्या खिशातल्या मोबाइलमध्ये पोचला होता, आणि तो काढला होता परदेशी कंपन्यांनी.

म्हणजे आपला प्रवास कसा झाला पाहा. नकाशा आधी गुपित होता आणि नंतर एकदम मोबाइल झाला. मधला एक टप्पा आपल्याला लाभलाच नाही. सरकारनं वेशीवर उभं राहून, घ्या, हे आमचं राज्य, असे असे रस्ते, बिनधास्त फिरा, असं म्हणत हातात कागद ठेवण्याचा टप्पा. अमेरिकेत तो शंभर वर्षं होता. आता तिथंही काही राज्यांनी खर्च परवडत नाही म्हणून छपाई थांबवली आहे. मिशिगन, मिनेसोटा, आयोवा यांसारखी राज्यं अजून छापतात.

मोबाइलला मी नावं ठेवणार नाही. ज्याला अक्षर वाचता येत नाही त्याला तो बोलून रस्ता सांगतो. रिक्षावाल्यांची पोटं त्यावर चालतात. पण त्याची तऱ्हा अशी की, आपण विचारू तेवढंच तो दाखवतो. तुम्ही चिपळूण म्हणा, तो चिपळूणला नेऊन सोडतो. वाटेत उजवीकडे अडीच कोसांवर कुठलं गाव आहे, हे तुम्ही विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. कागदी नकाशात नजर चुकून भलतीकडे जाते आणि तिथंही एक नाव असतं. छोट्या गावांचा सगळा आधार या नजर चुकण्यावर असतो.

आणखी एक. छापलेल्या नकाशावर साल असतं. २०२३ साली औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, उस्मानाबादचं धाराशिव झालं, २०२४ मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. बरं-वाईट हा आजच्या भाषणाचा विषय नाही. पण कागदावर जुनं नाव आपल्या सालासकट शिल्लक राहतं आणि नवं नाव नव्या सालासकट येतं. पडद्यावरचा नकाशा रात्रीत बदलतो आणि काल काय होतं याची खूणही ठेवत नाही. नावांशी ज्यांचा पोटापाण्याचा संबंध आहे अशा आम्हा कविलोकांना हे जाणवतं.

आपल्या एसटीची अडीचशेच्या आसपास आगारं आहेत. प्रत्येक स्टँडवर त्या तालुक्याचा मराठी नकाशा ठेवायला काय लागेल? मोठा नको. वहीच्या दोन पानांएवढा पुरे. त्यावर कुठला साकव पावसात पाण्याखाली जातो, कुठली होडी भरतीलाच चालते, शेवटची गाडी कुठल्या फाट्यावरून वळते, दवाखाना कुठल्या गावात, बायकांसाठी बरं स्वच्छतागृह कुठं, एवढं असावं. चौकशीच्या खिडकीत बसलेल्या माणसाला हे सगळं तोंडपाठ असतं. तो निवृत्त झाला की ते त्याच्याबरोबर घरी जातं.

मिशिगनच्या दोन नकाशांपैकी एक मी आमच्या गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत दिला. भिंतीवर लागला. पोरांना तो हाताचा खेळ दाखवला, तेव्हापासून त्यातली निम्मी हात वर करून फिरत होती. मग एका मुलीनं विचारलं, 'चाचा, आपला असा नाही?' तिच्या बाईंनी आणि मी मिळून सर्व्हे ऑफ इंडियाचा आमच्या भागाचा नकाशा संगणकावर उतरवला आणि तालुक्याच्या गावी जाऊन तो मोठ्या कागदावर छापून घेतला. त्यावरची नावं इंग्रजीत, म्हणून पोरांनी खाली बॉलपेननं मराठी नावं लिहायला घेतली. आमचा मोहल्ला, बौद्धवाडी, खालची वाडी, सड्यावरचं देऊळ, जुनी मशीद, तर लागते ते बंदर. काही नावं नकाशात नव्हतीच, ती भरली. पऱ्याच्या पलीकडल्या एका वाडीचं नाव मात्र दोन पोरांनी दोन तऱ्हांनी लिहिलं आहे. तिथल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून यायचं ठरलं आहे. तोवर दोन्ही नावं पेन्सिलीनं आहेत.